उत्तर नाही

पुन्ता अरेनासमध्ये वारा माणसांना वाकायला शिकवतो.
चौकाचौकात दोर बांधलेले असतात,
धरून रस्ता ओलांडायला.
तसाच एक दोर येर्को मार्तिनिचने आम्हाला दिला होता,
एक वाक्य, दोन्ही टोकांना घट्ट:
"संध्याकाळी आठला हे शहर घरी असतं,
आणि घरी असतं म्हणजे आपल्याला बघत असतं."

पुरावा आमच्याच बोटांचा.
सहा जणी, सहा फोन, मध्ये एक गॅसची शेगडी.
चार रात्रींत चारशे बारा नंबर फिरवले.
एकशे सदतीस घरांनी उचलला.
त्यातल्या एकशे एकवीस घरांत टीव्ही चालू.
शंभरात अठ्ठ्याऐंशी, येर्को म्हणाला,
आणि फळ्यावर आकडा असा लिहिला
की खडू मोडला.

नगरपालिकेला आकडा आवडला.
रात्री कोणी बाहेरच नसतं,
तर शेवटची बस कुणासाठी?

शितावरून भाताची परीक्षा,
आम्ही सगळ्यांनीच माना डोलावल्या.
फक्त नेलिदा बार्रिया गप्प,
पेन्सिलीचं टोक दाताखाली.
तिला काहीतरी सलत होतं,
दातात अडकलेल्या खेकड्याच्या कवचासारखं.
भागाकार तपासला. बरोबर.
पुन्हा तपासला. बरोबरच.
प्रश्नही साधा: आत्ता टीव्ही चालू आहे का?
त्यात कोण कशाला खोटं बोलेल?

पाचव्या रात्री तिच्या यादीत
तिचाच नंबर आला.
फिरवला तिने. नियम म्हणजे नियम.
आम्ही हसलो.
घंटा वाजत राहिली तिच्या स्वयंपाकघरात,
दोरीवरच्या ओल्या मोज्यांखाली,
आणि कुत्र्याच्या कानांवर,
ज्याला सोबत म्हणून ती टीव्ही चालू ठेवून येते.
बारा घंटा.
रिसीव्हर ठेवलाच नाही तिने.

"मी कुठे आहे?" तिने विचारलं.
"इथे," मी म्हणाले.
"यादीत कुठे आहे?"

यादीत ती 'उत्तर नाही'च्या रकान्यात होती.
आणि तो रकाना आम्ही रोज रात्री
भागाकाराआधी खोडत होतो,
भांडी घासण्याआधी खरकटं काढावं तसा.

दोनशे पंच्याहत्तर घरं.
खेकडे पकडायला गेलेल्या बोटी,
इस्पितळातली रात्रपाळी,
फादर अन्सेल्मोच्या तळघरात अकॉर्डियन शिकणारे नऊ म्हातारे,
कुणाचा फोन आहे हे ठाऊक असल्यासारखी
न उचलता बघत बसलेली एखादी,
आणि आम्ही सहा जणी,
लोक घरी आहेत का हे विचारायला
घर सोडून आलेल्या.

शीत वरचंच उचललं होतं.
दार वाजवून आपण विचारतो, आत कोण आहे?
"कोणी नाही" हे सांगायला
आतून कोणी येत नाही.

येर्कोने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला,
"बरं, खरा आकडा सांग."
"एकशे एकवीस. बाकीचं माहीत नाही."
"माहीत नाही हा काय आकडा झाला?"
"नाही. पण तो तुमच्या आकड्याच्या दुपटीहून मोठा आहे."
त्याने मोडक्या खडूचा तुकडा उचलला,
बघितला,
खिशात टाकला.

त्या रात्री शेवटची बस अजून होती.
आम्ही अकरा जण आणि ड्रायव्हर.
नेलिदाने मोजलं, आणि एकटीच हसायला लागली.
"इथे विचारलं असतं ना,
तर शंभरातले शंभर बसनेच जातात."

कोपऱ्यावर ती उतरली. दोर धरला.
तिच्या खिडकीत निळा उजेड हलत होता.
आतला एकुलता एक प्रेक्षक
कार्यक्रम अर्धवट सोडून
दाराकडे धावल्याचा आवाज
बसपर्यंत आला.